कागद मागणारा सेनापती

माझ्या फोनमध्ये तीन वर्षांपासून एक स्क्रीनशॉट आहे. मधे फोन बदलला, गॅलरी दोनदा साफ केली, तरी तो काढून टाकला नाही. व्हॉट्सॲपवरचे दोनच मेसेज आहेत त्यात. एक माझा: ‘सर, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीचे टेकू काढायचे, हे प्लीज लिहून द्या.’ आणि त्यावरचं उत्तर: ‘काढा. उद्या सेंटरिंग पुढच्या स्लॅबला लागणार आहे.’

मी तेव्हा पुण्याजवळच्या एका साइटवर ज्युनियर इंजिनिअर होतो. स्लॅब टाकून नऊ दिवस झाले होते. बीमखालचे टेकू किमान चौदा दिवस तरी हलवायचे नाहीत, हे डिप्लोमाच्या पोरालाही ठाऊक असतं. मी फोनवर ‘सर, लवकर होतंय’ असं एकदा म्हणालो. पलीकडचा आवाज चढला. मग मी लेखी मागितलं, लेखी मिळालं, आणि टेकू काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनी वाकली. ती आता पडणार या भीतीने तिथल्या कामगाराने उडी मारली आणि त्याचा पाय घोट्यात मोडला. पुढे चौकशी झाली. तिच्यात माझ्यावर काहीच आलं नाही. स्क्रीनशॉट होता ना.

त्या दिवाळीला सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा हे नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मला वाटलं, म्हणतील, शहाणपणा केलास. त्यांनी अडकित्त्याने सुपारी कातरत विचारलं, “कागद मागितलास ते ठीक. पण त्याच्या आधी भांडलास किती?”

“एकदा म्हणालो.”

“एकदा,” नाना म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “असाच एक कागद दिल्लीत लष्करप्रमुखांनी मागितला होता. बासष्ट साली.”

मी त्यानंतर त्या कागदाच्या मागे लागलो. हा लेख त्यातूनच आलेला आहे.

०

२२ सप्टेंबर १९६२. दिल्लीत संरक्षण मंत्रालयात बैठक आहे. पंतप्रधान नेहरू परदेशात, संरक्षणमंत्री कृष्ण मेननही न्यूयॉर्कला. विषय आहे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, नामका चू नावाच्या ओढ्याजवळ येऊन ठाकलेलं चिनी सैन्य. त्यांना थागला डोंगराच्या पलीकडे हाकलायचं, असं सरकारचं मत झालेलं आहे. लष्करप्रमुख आहेत जनरल प्राणनाथ थापर. ते सांगतात की आपण इथे हल्ला केला, तर चीन लडाखमधल्या आपल्या चौक्यांवर उलटू शकतो. परराष्ट्र खात्याचं म्हणणं पडतं की चीन फार मोठं काही करणार नाही, फार तर लडाखमधली एखाद-दुसरी चौकी घेईल. सरकारचा निर्णय कायम राहतो. तेव्हा थापर म्हणतात, मग हे मला लेखी द्या.

त्यांना लेखी मिळतं. त्यावर सही असते संरक्षण मंत्रालयातल्या एका सहसचिवाची.

एवढ्यावर थांबू या जरा. देशाच्या सैन्याला युद्धाकडे नेणारा आदेश, आणि त्यावर ना पंतप्रधानांची सही, ना संरक्षणमंत्र्यांची. थापर तो कागद घेतात आणि आदेश खाली धाडतात. खाली म्हणजे कुठे, तर ब्रिगेडियर जॉन दळवींच्या सातव्या ब्रिगेडकडे. अनेक जवानांच्या अंगावर सुती कपडे, दारूगोळा अपुरा, तोफा नावाला. रसद यायची ती विमानातून टाकलेली, आणि त्यातलीही बरीचशी दरीत जायची. समोर चौदा हजार फुटांहून उंच डोंगर, त्याच्या माथ्यावर शत्रू, आणि आपण तळाशी, ओढ्याच्या काठाने पांगलेले.

२० ऑक्टोबरच्या पहाटे चीनने हल्ला केला. काही तासांत ब्रिगेड संपली. दळवी कैद झाले. त्यांनी नंतर या सगळ्यावर ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक लिहिलं. महिन्याभरात सेला आणि बोमडिलाही पडलं, आणि थापर पायउतार झाले. कागद त्यांच्याजवळ होता.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखा माझा स्क्रीनशॉट येत होता. तुलना हास्यास्पद आहे हे कळतं मला. एका बाजूला एक बाल्कनी आणि एक घोटा, दुसऱ्या बाजूला हिमालय आणि हजारो माणसं. पण प्रश्न एकाच जातीचा आहे. आदेश चुकीचा आहे असं ज्याला आतून वाटतं, त्याने लेखी घेतलं की त्याचं काम संपतं का?

०

आधी हे पद काय आहे, ते बघायला हवं. आपल्या डोक्यातला सेनापती घोड्यावर बसलेला असतो, हातात तलवार, मागे फौज. प्रत्यक्षात आजच्या लष्करप्रमुखाचं बरंचसं काम टेबलाशी बसून असतं.

दिल्लीतलं तीन मूर्ती भवन तुम्ही पाहिलं असेल. नेहरू तिथे सोळा वर्षं राहिले. पण ते घर पंतप्रधानांसाठी बांधलेलं नव्हतं. ब्रिटिशांनी ते बांधलं होतं हिंदुस्थानच्या कमांडर-इन-चीफसाठी, म्हणजे सरसेनापतीसाठी. तो व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य असे, आणि वजनाच्या हिशेबात व्हाइसरॉयच्या खालोखाल. १९४८मध्ये त्याच्या घरात निवडून आलेला पंतप्रधान राहायला गेला. घर बदललं, त्यात सगळं आलं. पुढे १९५५मध्ये कमांडर-इन-चीफ हे पदनामही गेलं. तिन्ही दलांचे प्रमुख ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाले. राज्यघटनेच्या त्रेपन्नाव्या अनुच्छेदानुसार सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. १ जानेवारी २०२०पासून चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे नवं पद आलं, जनरल बिपिन रावत पहिले. पण हे पदही निर्माण झालं ते सरकारचा प्रमुख लष्करी सल्लागार म्हणून. तिन्ही दलांना लढाईचे हुकूम सोडणारा नवा सरसेनापती काही त्यातून तयार झाला नाही.

म्हणजे सर्वांत वरच्या सैनिकाचं मुख्य काम काय, तर बंद खोलीत सरकारला खरं सांगणं. आणि सांगून झाल्यावर, सरकार जे ठरवेल ते करणं.

यातला दुसरा भाग आपल्याला कधी कधी खुपतो. युद्ध सैनिकाला कळतं, मग शेवटचा शब्द सैनिकाचा का नको? कॉलेजात मीही असंच बोलायचो. ‘सगळं आर्मीच्या हातात द्या, देश सरळ होईल’ हे वाक्य प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. त्याचं उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. ७ ऑक्टोबर १९५८ला पाकिस्तानचे अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी लष्करी कायदा पुकारला आणि सेनापती अयूब खान यांना त्याचा प्रमुख नेमलं. २७ ऑक्टोबरला अयूब खान यांनी मिर्झांनाच घरी बसवलं. वीस दिवस. अमेरिकेत कोरियाच्या युद्धात जनरल मॅकआर्थर सरकारच्या धोरणाविरुद्ध उघड बोलत राहिले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी एप्रिल १९५१मध्ये त्यांना काढून टाकलं. लोक मॅकआर्थरच्या बाजूने होते, त्यांची जंगी मिरवणूक निघाली, ट्रुमन यांची लोकप्रियता गडगडली. तरीही निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. निवडून आलेला माणूस चुकला, तर आपण त्याला मतदानात पाडू शकतो. सेनापती चुकला आणि खुर्चीवर बसून राहिला, तर आपण काय करणार?

तेव्हा लोकशाहीत सरकारला चुकण्याचाही हक्क आहे. हे गिळायला अवघड जातं, पण आहे. थापर यांनी आदेश झुगारून द्यायला हवा होता, असं मी म्हणत नाही. बेकायदा आदेशाची गोष्ट वेगळी. १९५०चा लष्करी कायदाही शिक्षा सांगतो ती कायदेशीर हुकूम मोडणाऱ्याला. निःशस्त्र माणसांवर गोळ्या घाला असा हुकूम आला, तर तो पाळणं हाच गुन्हा. पण थागलाचा आदेश बेकायदा नव्हता. तो फक्त शहाणपणाचा नव्हता. आणि मूर्ख आदेशापुढे सैनिकाने काय करावं, हा बेकायदा आदेशापेक्षा कितीतरी जास्त अवघड प्रश्न आहे.

०

मग राजीनामा द्यावा का? तोही प्रयोग आपल्याकडे झालेला आहे.

थापर यांच्या आधीचे लष्करप्रमुख जनरल थिमय्या. कोरियात युद्धकैद्यांच्या परतीचं काम सांभाळलेले, जवानांचे लाडके. त्यांचं आणि मेनन यांचं पटेना. ३१ ऑगस्ट १९५९ला त्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी समजावलं, थिमय्यांनी तो मागे घेतला. तेवढ्यात बातमी वर्तमानपत्रांत फुटली. २ सप्टेंबरला नेहरूंनी संसदेत मेनन यांची बाजू सांभाळली आणि मुलकी सत्ताच सर्वोच्च राहील असं बजावलं. थिमय्या १९६१पर्यंत पदावर राहिले, पण एकदा परत घेतलेल्या राजीनाम्याला पुन्हा किती धार येणार?

राजीनाम्याची आणखी एक अडचण मला नानांनी दाखवली. मी उत्साहाने म्हणालो, “थापरांनी राजीनामा तोंडावर फेकायला हवा होता.” नाना म्हणाले, “जनरलला राजीनामा देता येतो रे. नामका चूवरच्या शिपायाला देता येत नाही. जनरल गेला तर दुसरा जनरल येतो, आणि तोच हुकूम घेऊन येतो. शिपाई तिथंच.”

हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. राजीनामा देणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, इतिहासात चांगली ओळ मिळते. पण कधी कधी तोही एक कागदच असतो, जरा मोठ्या अक्षरांतला. तो जनरलला वाचवतो. खालच्याला वाचवतोच असं नाही.

०

एकाहत्तरची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, सिनेमामुळे तर आणखीच. एप्रिल महिन्यात इंदिरा गांधींनी लष्करप्रमुख माणेकशांना मंत्रिमंडळाच्या बैठकीत बोलावलं. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, लवकर कारवाई व्हावी असा दबाव होता. माणेकशांनी सांगितलं की सैन्य आत्ता तयार नाही. पावसाळा तोंडावर आहे, बंगालच्या नद्या समुद्रासारख्या होतील. हिमालयातल्या खिंडी उघडतायत, चीन मधे पडू शकतो. मला वेळ द्या. युद्ध सुरू झालं ३ डिसेंबरला. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, सुमारे ९३ हजार जण कैदी झाले.

ही हकीकत बरीचशी माणेकशांनी स्वतःच नंतर भाषणांतून रंगवून सांगितलेली आहे. मी राजीनामा द्यायला निघालो होतो, हेही त्यांचंच सांगणं. सरकारमधल्या इतरांनाही घाई नको होती, असं काही इतिहासकार दाखवून देतात. तेव्हा ‘एका शूर माणसाने पंतप्रधानांना नाही म्हटलं’ एवढ्यावर ती गोष्ट आणून ठेवू नये. मला तिच्यातल्या दोन साध्या बाबी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, महिना. माणेकशा एप्रिलमध्ये बोलले. थापर यांचा कागद सप्टेंबरचा. पण बासष्टची चूक सप्टेंबरमध्ये झालेली नव्हतीच. १९६१च्या शेवटी सरकारने ठरवलं होतं की सीमेवर पुढे पुढे चौक्या टाकायच्या. मागे रस्ता नाही, तोफा नाहीत, रसद नाही, तरी चौक्या टाकायच्या. भांडायचं होतं ते तेव्हा. पुढे वर्षभर एकेक चौकी पडत गेली, एकेक होकार जमत गेला, आणि मग एक दिवस असा आला की थापर यांच्या हातात लेखी मागण्यापलीकडे काही उरलं नाही.

दुसरी बाब, माणेकशांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं नाही. कधी जमेल, त्यासाठी काय लागेल, तेही सांगितलं. ‘लवकर होतंय’ म्हणणं सोपं असतं. ‘अमुक तारखेला करतो, तोपर्यंत अमुक द्या’ म्हणायला आधी घरचा अभ्यास लागतो.

थापर यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांच्यासमोर बसलेले लोक ऐकणारे नव्हते. मेनन हुशार होते, पण सेनाधिकाऱ्यांशी तुसडे वागत. थापर यांच्याच हाताखालचे जनरल कौल थेट वरच्या वर्तुळात ऊठबस असलेले. अशा वेळी प्रमुखाचा आवाज किती उरतो? खरं सांगणाऱ्याचं धैर्य निम्मं ऐकणाऱ्याकडून येतं. मेनन गेले आणि नोव्हेंबर १९६२मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. पण चव्हाणांनी तिथे जाऊन केलेलं मोठं काम फार गाजावाजाचं नव्हतं. ते तिन्ही दलांच्या प्रमुखांबरोबर सकाळी नियमित बसू लागले. रोज बोलायची सवय असली, की नको असलेली गोष्ट सांगण्यासाठी माणसाला सगळं बळ एकाच दिवशी गोळा करावं लागत नाही.

०

पण भांडून झालं, ऐकलं गेलं नाही, आदेश कायदेशीर आहे, तर? तर मला वाटतं, तो आदेश स्वतःचा म्हणून अंगावर घ्यावा लागतो. कागद घ्यावा, जरूर घ्यावा. पुढे कुणीतरी चूक शोधायला बसेल, तेव्हा त्याला उपयोग होईल. बासष्टच्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, यावरून कागदाची किंमत कळते. पण कागद दप्तरासाठी असतो. मनाला त्याची ढाल होत नाही.

शरीराला तर नाहीच होत. जनरल अरुणकुमार वैद्य १९८४मध्ये लष्करप्रमुख होते. सुवर्णमंदिरात सैन्य पाठवण्याचा निर्णय सरकारचा होता, अंमल सैन्याचा. दोनदा महावीर चक्र मिळालेले वैद्य निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले. १० ऑगस्ट १९८६ला ते स्वतः गाडी चालवत असताना मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. तो निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद होतो, इथे मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं की मारणाऱ्यांनी सही कुणाची होती हे विचारलं नाही. ज्याच्या हातून गोष्ट घडते, त्याच्या नावावर ती राहते.

०

आता माझ्याकडे येतो. माझं प्रकरण थापर यांच्यापेक्षा सोपं होतं, हे मला उशिरा कळलं. त्यांना सरकारपुढे मान तुकवणं हा त्यांच्या पदाचा भाग होता. मला तसलं काहीच बंधन नव्हतं. असुरक्षित काम थांबवणं हीच माझी नोकरी होती. फार तर नोकरी गेली असती. तरी मी एकदाच बोललो.

आणि बोलायची वेळही ती नव्हती. कामाचं वेळापत्रक साइट ऑफिसच्या भिंतीवर तीन आठवडे लटकत होतं. सेंटरिंगचा एकच संच आणि दर दहा दिवसांनी स्लॅब, हे गणित जमणार नाही, हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. मी मनात म्हटलं, बघू पुढे. माझा एप्रिल तो होता. नवव्या दिवशी फोन आला तेव्हा माझा सप्टेंबर उजाडलेला होता.

त्या कामगाराला भेटायला मी गेलो नाही. आधी चौकशी चालू होती म्हणून, नंतर काय बोलायचं म्हणून. त्याने मला कधीच काही लेखी मागितलं नव्हतं. मी टेकू काढ म्हणालो, त्याने काढले.

आता दुसऱ्या ठिकाणी आहे. मागच्या महिन्यात नव्या कामाचं वेळापत्रक आलं, तेव्हा मी पहिल्याच मीटिंगला सेंटरिंगच्या दुसऱ्या संचाचा विषय काढला, भाड्याचा आकडा लिहूनच नेला होता. कटकट्या आहे, असा चेहरा झाला एक-दोघांचा. तीनदा मांडावं लागलं. शेवटी मंजूर झालं.

नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं. आणि नसतं झालं तर?”

मी म्हटलं, “तर टेकू काढायला मी सांगितलं नसतं.”

“हं,” नाना म्हणाले. “ते नवव्या दिवशी कळेल.”